चार नंबरची डिश

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत, प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमसुद्धा. पेशी जोपासण्यात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यांचं नाक कायम थोडं वरच असे.

काम असं होतं. माणसाचं चमचाभर रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना मागे नेऊन मूळपेशी बनवायचं, आणि मग चुचकारून चुचकारून त्यांचे हृदयाचे स्नायू करायचे. तान्ह्या बाळासारखं बघावं लागतं. मग एक दिवस डिशच्या तळाशी त्या आपल्या आपण धडधडू लागतात. डिशखालच्या बारीक तारा त्यांची वीज टिपतात आणि पडद्यावर रेघ उमटते: टोक, उतार, सपाटी. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीने सपाट होऊन दम खायचा, मगच पुढचा ठोका. नव्या औषधाने हा दम खाणं लांबलं, की औषध बाद.

पण लांबलं हे कशावरून ठरवायचं? तर शेजारी पाच-सहा निरोगी माणसांच्या, औषध न घातलेल्या डिशा ठेवायच्या, प्रत्येक माणसाला एक नंबर. त्यांतलाच एक चार नंबर. रक्त देणाऱ्याचं नाव कुणाला कळू नये असा नियम होता खरा, पण चार नंबर म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्यांनीच त्याला ओढून आणलं होतं. "आजारपण म्हणून माहीत नाही हो त्याला," असं मॅडमना ठणकावून सांगितलं होतं.

निरोगी डिशचीच रेघ वाकडी आली, तर डिश बिघडली असं धरून फेकून द्यायची. काकू फेकत, आणि नोंदवहीत लिहीत, 'हाताळणीतली चूक'.

त्या दुपारी मॅडम म्हणाल्या, "काकू, दोन वर्षांत टाकलेल्या डिशांची यादी द्याल का? अहवालाला लागणार आहे."

काकूंना झोंबलंच. "म्हणजे आता माझ्या चुका चव्हाट्यावर मांडणार?"

"तुमच्या कसल्या चुका? पण कागद हवा ना!"

फणकाऱ्यानेच काकूंनी वही उघडली. अकरा डिशा निघाल्या, आणि अकराच्या अकरा चार नंबरच्या. तेच हात, तेच उबेचं कपाट, तेच खाद्य, पण बाकीच्या नंबरांची एकही नाही. अगं बाई, हे काय! त्यांनी जुन्या रेघा पडद्यावर काढल्या. टोक आल्यावर उतरायचं सोडून रेघ रेंगाळत होती, आणि रेंगाळता रेंगाळता मध्येच एक छोटा उंचवटा काढत होती. अकराही वेळा तिथेच, तसाच. हाताळणीत चुका झाल्या असत्या तर अकरा तऱ्हांच्या झाल्या असत्या.

उठून त्यांनी आजची चार नंबरची डिश घेतली. माणूस दचकला की अंगात जे द्रव्य सुटतं, त्याचा एक थेंब तिच्यात सोडला. रेघ पळत सुटली. उंचवट्यावर उंचवटे चढले, मग सगळ्याचा नुसता गुंता झाला, आणि मग काही नाही. डिशमधलं सगळं थांबलं होतं.

असा दोष रक्तातून येतो आणि अचानक खणखणलेल्या आवाजाने जीव घेतो, हे मॅडमनीच एकदा सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. तेव्हा काकूंनी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता त्यांना मधली बहीण आठवली. गेल्या वर्षी ती झोपेत गेली. उशाशी गजर वाजत होता, आणि शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत वाजतच राहिला. डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडलं, होतं असं कधी कधी.

भाऊ बेकरीत रात्रपाळीला असे. एकटा जीव, दिवसा झोपायचा आणि चारच्या गजराने उठायचा. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. काकूंनी फोन उचलला, त्याच्या नावावर बोट नेलं आणि चटका बसावा तसा फोन खाली ठेवला. फोनही वाजणारच की!

त्या अंगातल्या कोटासकट बाहेर पळाल्या. टॅक्सी मिळाली, पण रस्ता तुंबलेला. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, तशा त्या ओरडल्या, "अहो, वाजवू नका ना!" त्याने आरशातून पाहिलं. ही बाई वेडीबिडी आहे की काय, असंच त्याला वाटलं असणार. काकूंचा जीव टांगणीला लागला होता. कोण काय म्हणतं याची त्यांना पर्वा नव्हती.

चारला सहा मिनिटं कमी असताना त्यांनी जवळच्या किल्लीने दार उघडलं. भाऊ उताणा झोपला होता. छाती हलत होती. काकूंनी आधी गजर बंद केला, मग पायथ्याशी बसून त्याच्या पावलावर हळूच हात ठेवला.

त्याने डोळे उघडले. "ताई? कोण गेलं?"

"कुणी नाही रे." आणि मग त्यांना रडूच कोसळलं. रडत रडतच त्यांनी सगळं सांगितलं. अकरा डिशा, तो उंचवटा, गजर. आजच मोठ्या डॉक्टरांकडे जायचं, गोळ्या असतात, यंत्र बसवता येतं, घाबरू नकोस.

"म्हणजे दोन वर्षं मला कचऱ्यात टाकत होतीस की!" तो हसला. काकूही नाक पुसत हसल्या. पडला बाई एकदाचा जीव भांड्यात, असं त्यांना वाटलं.

मग तो उठून बसला. थोडा वेळ काहीतरी मनाशी जुळवत राहिला.

"ताई, पहिली डिश कधी टाकलीस?"

काकूंनी मान खाली घातली. खोटं बोलायचं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण वहीत तारीख होती, आणि खाली त्यांचीच सही.

"मधली जायच्या आधी सात महिने."

काकूंचा हात अजून त्याच्या पावलावर होता. त्याने पाय हळूच जवळ ओढून घेतला.