मान वाकडी केली की दिसतं

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा डिस्प्ले आहे. स्टिअरिंगच्या मागे बसतो. वेग, पेट्रोल, इंजिनाचा ताप, सगळं मीच सांगतो. ते कुणाला दिसतं का, हा वेगळा विषय, आणि माझं आयुष्य त्याच विषयात गेलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंड झाकून हिंडत, त्यामुळे मला पाहून कोण हसलं आणि कोण नाही, ते कळलं नाही. माझ्या काचेवर त्यांनी एक बारीक चाळणी चिकटवली. तिच्यातून उजेड फक्त आडवा बाहेर पडतो. ती नसती तर मी नुसता पांढरा उजेड असतो, म्हणून तिला नावं ठेवता येत नाहीत.

मग मी मास्तरांकडे आलो. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून त्यांनी दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबले होते. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत, स्टिअरिंगपुढे बसले आणि डोळे पुसले. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. "उन्हात काळ्या चष्म्याशिवाय पाऊल टाकायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावलेलं. चष्मा नंबरचा, उन्हाची तिरीप अडवणारा. त्यालाही माझ्यासारखीच चाळणी होती, फक्त उभी, आणि उभ्या चाळणीतून आडवा उजेड जात नाही. आमची जोडी लावणाऱ्याने दोघांकडेही नीट बघितलं नव्हतं.

तरी पहिलं वर्ष सुखाचं गेलं, कारण मास्तरांच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नसत. रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफा प्लास्टिकमध्ये, मीही प्लास्टिकमध्ये. ते प्लास्टिक माझा उजेड जरा फिरवायचं, आणि मास्तरांना मी सप्तरंगात दिसायचो. "आपल्या गाडीत आकडे रंगीत येतात," असं ते अभिमानाने सांगत. बाकीच्यांना ते साधे पांढरे दिसत. म्हाताऱ्याची हौस म्हणून सगळे मान डोलावत.

एकदा मुलगी माहेरी यायची होती. मास्तरीणबाईंनी गाडी पुसायला काढली आणि माझ्यावरचं प्लास्टिक चर्रकन ओढलं. कचऱ्याची गाडी दारातच होती.

दुसऱ्या दिवशी उन्हात मास्तर बसले आणि मी त्यांना काळाठिक्कर दिसलो.

"तू प्लास्टिक काढलंस, म्हणून तो मेला!"

"अहो, प्लास्टिकवर कधी कोणी जगलंय का?"

मित्रांनो, मास्तरांचं शंभर टक्के खरं होतं. पण ते ऐकायलाच इतकं येडचाप वाटत होतं की मलासुद्धा हसू आलं असतं.

ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. गॅरेज अंधारं, म्हणून चष्मा खिशात. मी झगझगीत.

"मास्तर, ठणठणीत आहे की हा!" मिस्त्री म्हणाला.

बाहेर ऊन, चष्मा डोळ्यांवर, मी काळा. पुन्हा आत, पुन्हा ठणठणीत. पुढे पुढे तर मास्तर वळणावर दिसले की मिस्त्री जेवायला निघून जायचा.

मग इंजिन तापलं. मी लाल खूण पेटवली, घसा असता तर बसला असता. मास्तरांनी काळ्या काचेकडे पाहिलं आणि पाय आणखी दाबला. भर चौकात गाडी वाफा सोडत थांबली.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मुलगी शेजारी बसली. "बाबा, लाल खूण आत्ताही दिसतेय. एवढी मोठी!"

"काळं आहे गं."

नंबरचा चष्मा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर जायचा प्रश्नच नव्हता. तिने हळूच किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "आता पुरे, बाबा."

किल्ली काढली तरी मी घटकाभर पेटलेला राहतो. मास्तरांनी स्टिअरिंगवर कान टेकवला आणि आडवे पडून राहिले. चष्म्याची उभी चाळणीही आडवी झाली, आणि त्यांना मी दिसलो.

"दिसलं!" ते ओरडले. मान वर केली. "गेलं!" मान आडवी. "आलं! अगं, मान वाकडी केली की दिसतं!"

त्यानंतर मास्तरांच्या डोक्याबद्दल शंका उरली नाही. कुणाला, ते सांगायला नको. आठवड्याभरात गाडी विकली.

नवी मालकीण चष्मा वापरत नाही. "किती स्पष्ट दिसतं!" म्हणाली. माझ्या साध्या पांढऱ्या आकड्यांचं पहिलं कौतुक, आणि ते चुकीच्या माणसाकडून.

परवा सिग्नलला थांबलो होतो. बसस्टॉपवर मास्तर उभे, शेजारी मुलगी. मास्तरांनी गाडी ओळखली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत मान पार खांद्याला टेकवली. हाक मारायला माझ्याकडे शब्द नव्हते. मला मोजक्याच गोष्टी खुणेने बोलता येतात. त्यातली एक बोललो: दार उघडं आहे. दार बंद होतं.

"बिघडला वाटतं हा," मालकीण म्हणाली.

तिकडे मुलीने मास्तरांची मान हलक्या हाताने सरळ केली.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, माझं जे व्हायचं ते होईल. फक्त कुणी "मला दिसत नाही" म्हणालं, तर त्याची मान सरळ करण्याआधी त्याचा चष्मा एकदा स्वतःच्या डोळ्यांवर लावून बघा. तुम्ही बघाल असं मला वाटत नाही. तरी सांगून ठेवतो.