अंगावरचं कापड

आमच्या घरी पाहुणे आले की चहा दोनदा करावा लागतो, कारण आईच्या माहेरची माणसं आणि बाबांच्या घरची माणसं एका वेळी एका खोलीत बसत नाहीत. आई डोंगराकडची, मासवणची वारली, बाबा तारापूरच्या खाडीकाठचे, मासेमारी करणारे मांगेले. त्यांनी लग्न केलं तेव्हा दोन्ही गावांनी दारं लावून घेतली, म्हणून ते दोघे मधोमध, सालवडला, कामगारांसाठी घाईघाईत उभारलेल्या एका इमारतीत येऊन राहिले. तिथेच मी जन्मले आणि कंपनीच्या बसचे भोंगे ऐकत वाढले.

या दोन्ही मंडळींचा मला तिटकारा होता आणि तो मी कधी लपवला नाही. खाडीकडचे आईच्या हातचं पाणी टाळायचे आणि वर ‘आमच्यात तसलं काही नसतं’ म्हणायचे. डोंगराकडचे, बाबा येऊन गेले की मासळीचा वास येतो म्हणून ओटा सारवून घ्यायचे आणि त्याच संध्याकाळी बाबांनी नेलेले बोंबील मिटक्या मारत खायचे. मी लहान होते तोवर दोघांनाही नको होते. मग मी पालघरच्या कॉलेजात सभा गाजवू लागले, वर्तमानपत्रात माझा फोटो आला, आणि एकाएकी मी दोघांचीही झाले. ‘आमची रिद्धी’ हे दोन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

म्हणून अनुजशी लग्न ठरलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, कचेरीत सह्या करायच्या, बस. हळद नाही, पाट नाही, गाणी नाहीत.

रविवारी सकाळी वत्सला आत्या आली. “पोरीला हळद नाय लावायची, तर काय कोळसा लावायचा?”

“आत्या, मला काहीच लावून घ्यायचं नाही.”

“तू नको येव गो. तुझं अंगावरचं कापड दे एक, न धुतलेलं. पाटावर ठेवू, त्याला हळद लावू. कापडाला लागली म्हंजे तुला लागली.”

खुंटीवर माझा आदल्या दिवशीचा निळा ड्रेस होता. मी त्याची ओढणी काढून तिच्या हातात कोंबली. ती गेली आणि तासाभरानं चिंधूमामा दारात उभा. त्यालाही तेच हवं होतं.

“बायांनी लग्नाचा चौक लिवलाय भिंतीवर. पोर नाय तर पोरीचं कापड तरी पायजे ना समोर. आन् ते खाडीवाले मागाया आले तर त्यांना नको देव. पोर आमची हाय.”

मी हसून त्याच ड्रेसचा कुर्ता त्याला दिला. घ्या, वाटून घ्या. सलवार उरली, ती मी फरशी पुसायला काढली.

आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. “असं करू नये, बाय,” ती म्हणाली. “कापड एकाच घरी जातं.”

एके काळी दोन गावांना धुडकावून निघालेली ही बाई आता एका कुर्त्याला घाबरत होती. मी तिला तसं म्हणालेही.

दोन्हीकडच्यांनी हळदीसाठी अर्थातच एकच दिवस धरला. दुसऱ्याच्या आधी आपली लागली पाहिजे, एवढीच काय ती त्यांची श्रद्धा. आई मासवणला गेली, बाबा खाडीकडे गेले, आणि मी दिवसभर घरी होते. कपडे वाळत घातले, वाचलं, दुपारी झोपले. कुणी आलं नाही, कुणाचा फोनही आला नाही.

बाबा आधी परतले. चप्पल काढता काढता म्हणाले, “दमली नाहीस? केवढी नाचलीस! वत्सला तर रडलीच. म्हणाली, पोर शेवटी आपल्या वळणावर गेली.”

“बाबा, मी घरीच होते.”

चेष्टा कळल्यासारखे ते हसले. तेवढ्यात आई आली. पदराला हळद लागलेली, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जे मी उभ्या जन्मात तिथे पाहिलं नव्हतं.

“बरं झालं आलीस ते. धवलेरी लग्नाची गानी गात होती तेव्हा किती गप बसलेलीस. एकदा पन वाद नाय घातलास.”

मला शहारा आला तो त्यांच्या बोलण्यानं नाही. दोघांनी एकमेकांचं नीट ऐकलं होतं. एकाच दुपारी मला दोन गावांत पाहून आलेल्या त्या दोन माणसांपैकी एकाच्याही कपाळावर आठी नव्हती.

मी समाजशास्त्र शिकलेली मुलगी. माणसं हट्टानं हवं ते पाहतात, हे मला माहीत होतं. कुणीतरी मावसबहीण बसवली असेल, दुसरं काय? मी मामाला फोन लावला.

“माझ्या जागी कुणाला बसवलंत?”

“तुलाच गो! चेष्टा करतेस काय? ही काय, चुलीपाशी भाकऱ्या थापतेस.” मग फोन तोंडापासून दूर धरून तो कुणालातरी म्हणाला, “बघ, तुझाच फोन हाय.”

मागे कुणीतरी हसलं. ते माझंच हसू होतं. फक्त त्यात कुणाची टर उडवलेली नव्हती.

मी फोन ठेवला आणि अनुजला लावला. काय सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून नुसतं, उद्या कचेरीत वेळेवर ये, एवढंच म्हणाले.

“आत्ताच तर बोललो की आपण,” तो म्हणाला. “आणि थँक्यू. आई इतकी खूश आहे! तू एवढ्या मायेनं बोलशील असं तिला वाटलंच नव्हतं.”

बाहेर आईनं पानं घेतली होती. दोनच.

“मला?”

“तू तिकडं जेवलीस ना,” आई म्हणाली, आणि बाबांनी मान डोलावली.

सकाळी उठले तेव्हा घर रिकामं होतं. मला न उठवता दोघं पुढे गेले होते. मी पांढरी साडी नेसले, तीच नेसायची असं पूर्वीच ठरवलं होतं, आणि शेअर रिक्षानं बोईसर स्टेशनला निघाले. शेजारच्या बाईनं भाजीची जड पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि बाहेर तोंड केलं. रिकाम्या सीटवर ठेवावी तशी. एरवी मी तिला सुनावलं असतं. त्या दिवशी मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले. तिचं ओझं जाणवत होतं, एवढंच मला पुरेसं वाटलं.

पालघरच्या कचेरीच्या व्हरांड्यात, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसली होती. चिंधूमामा बाबांच्या तळहातावर तंबाखू ठेवत होता. वत्सला आत्या आईच्या बाटलीतून पाणी पीत होती, तोंड लावून. ज्याच्यासाठी मी घसा फोडून भाषणं केली ते माझ्यासमोर इतक्या सहज घडत होतं, आणि त्यात माझा काही हात नव्हता.

बाकाच्या मधोमध एक मुलगी मान खाली घालून बसली होती. निळा कुर्ता, निळी ओढणी, कोपरापर्यंत पिवळे हात. आईचा हात तिच्या पाठीवर होता.

“आई!” मी ओरडले. “मी इथे आहे.”

आईनं वर पाहिलं. ओळख नाही, रागही नाही. अनुज मात्र पटकन पुढे आला, यजमान येतो तसा, हात जोडून.

“या ना,” तो म्हणाला. “तुम्ही कुणाकडच्या?”

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या उत्तरांवर मी थुंकले होते, त्यांतलं एक तरी जिभेवर येईल म्हणून थांबले. बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. मी पलीकडचीच कुणी असेन असं दोन्हीकडच्यांना वाटलं असावं. कारण काही न विचारता, मोठ्या अगत्यानं, ते सगळे थोडे थोडे सरकले आणि बाकाच्या अगदी टोकाला त्यांनी मला जागा करून दिली.