दुसऱ्या गटातले वामनराव

धनश्री दारात चपला काढत होती, तेवढ्यात कलाबाईंनी मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज वाटीत घालून आणलेसुद्धा. वामनराव टोपी काढून खिडकीजवळच्या खुर्चीत तयार बसले होते. उजवा हात मांडीवर, ठेवला तसाच पडलेला.

"ये न बेटा. गाडी लेट होती काय? हे सकाळपासून वाट पाहून राहिले तुयी."

"काकू, स्पंज राहू द्या. थोडं बोलायचं आहे."

धनश्री मूळची इथल्याच, पांढुर्ण्याजवळच्या सौसरची. नागपूरच्या एका संस्थेत ती संशोधन करत होती. लकव्यानं वाचा गेलेल्या माणसाच्या डोक्याला सौम्य वीजप्रवाह देत बोलण्याचा सराव घेतला, तर शब्द लवकर परततात का, हे तिला पाहायचं होतं. रुग्णांचे दोन गट होते. एकाला खरा प्रवाह मिळायचा. दुसऱ्याला सुरुवातीला डोक्यावर मुंग्या येण्यापुरता, मग मशीन नुसतंच चालू दिसायचं. कोण कुठल्या गटात, हे अभ्यास संपेपर्यंत तिलाही कळणार नव्हतं.

वामनराव पांढुर्ण्याच्या मंडीत कापसाचा लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज गाड्यांच्या रांगेच्या पार टोकाला ऐकू जायचा. एका सकाळी भाव अर्धवटच पुकारून ते कापसाच्या गंजीशेजारीच कोसळले. जीव वाचला, पण तोंडात एकच शब्द उरला, 'हाव', म्हणजे हो. पाणी पाहिजे तरी हाव, नको तरी हाव. समजायचं मात्र सगळं.

पावसाळाभर धनश्री येत राहिली. डोक्याला ओले स्पंज लावून पट्टा बांधायची, एकेक चित्र दाखवायची. कांदा, बैल, कंदील. वामनराव घामाघूम व्हायचे, मानेच्या शिरा ताणायचे, आणि शेवटी 'हाव' म्हणून खाली पाहायचे. दसऱ्याला कलाबाईंनी मशीनवर झेंडूचं फूल ठेवलं होतं.

काल गट उघड झाले. तिनं आपल्या मार्गदर्शक सरांना विनवलं, वामनरावांना आता तरी खरा प्रवाह देऊ. सर वाईट माणूस नव्हते. पण प्रकल्प संपला होता, मशीन दुसऱ्या अभ्यासासाठी हवं होतं. आणि वाचा झपाट्यानं परतण्याचे दिवसही मागे पडले होते, हे त्यांनी सांगायच्या आधी तिला माहीत होतं.

"काकू, काकाजींना करंट मिळालाच नाही. ते दुसऱ्या गटात होते."

"म्हणजे मशीन बिघडली होती?"

"नाही. मुद्दामच बंद होता. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अर्ध्या लोकांना..."

"सांगतलं होतं. मी नाई कुठं म्हणतो?" कलाबाईंचा आवाज चढला नाही. "पण मले वाटलं, ते बाकीच्याईसाठी असन. तू तं आपल्या सौसरची. आपल्या माणसाले कोनी खोटं लावते काय?"

"मलाही माहीत नव्हतं, काकू." खरं होतं ते. तिच्या स्वतःच्या कानांना मात्र लंगडं वाटलं.

"अन् ज्याईले खरं लावलं, ते बोलून राहिले?"

इथे खोटं बोलता आलं असतं.

"सगळे नाही. काही जण. एक मास्तर आहेत, ते नातीला नावानं हाक मारतात आता."

कलाबाईंनी वाटीतले स्पंज पिळले, सवयीनं खिडकीत वाळत घातले आणि आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. इतकी भांडी त्या घरात नव्हती.

धनश्री वामनरावांसमोर खाली बसली. "काकाजी..." गाडीत तिनं कितीतरी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही ओठांवर येईना. वामनराव हनुवटी जराशी उचलून, घाई न करता वाट पाहत राहिले. ती त्यांच्यासाठी थांबायची, अगदी तसेच.

"हाव," शेवटी तेच म्हणाले.

राग होता, की समजूत, की आणखी काही, तिला कळलं नाही. तिनं वायरी गुंडाळल्या, पट्टा पुसला, मशीन पेटीत भरलं.

"ते चित्रं तरी ठेवून जाय," आतून कलाबाई म्हणाल्या. "मी दाखवत जाईन त्याईले."

तिनं चित्रांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला.

ऑटो दाराशी आला. पेटी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ती बसली. वामनराव पाय ओढत उंबऱ्यापर्यंत आले. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलून छातीशी आणला. त्याची वळलेली बोटं एकेक करून सरळ केली. ती पुन्हा मिटू लागली, तशी डाव्या तळव्यानं दाबून धरली, आणि त्यांनी तिला नमस्कार केला.

हात जोडायला पेटी खाली ठेवावी, हे धनश्रीला सुचलं तेव्हा ऑटो वळला होता.