गोगलमाशाची टाकी

१९७९च्या सप्टेंबरात थेरगावच्या युसुफने चिंचवडच्या एका लहान कारखान्यात पोलादाची टाकी जोडली. समुद्रातल्या जिवांवर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंसाठी ती होती. परदेशी जहाजावरून दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात ती खोल सोडायची. मासा आत आला की झाकण तिथेच बंद होणार आणि तळाचा दाब तसाच धरून टाकी वर येणार.

टाकी बघायला बाई आल्या तेव्हा त्यांनी एक बरणी आणली होती. स्पिरिटमध्ये वीतभर मासा, फिकट गुलाबी, अंगावर एक खवला नाही.

"मी याला गोगलमासा म्हणते," त्या म्हणाल्या.

"एवढ्या मऊ जिवाला पोलाद कशाला, मॅडम?" युसुफने विचारलं.

"तिथल्या पाण्याचा भार असा की रिकामं पिंप चेपून जाईल. याला त्याचीच सवय. वर आणला की मरतो. जिवंत मी अजून पाहिलेला नाही. म्हणून ही काच." टाकीच्या मानेवर बसवलेल्या जाड काचेला त्यांनी नाक टेकवलं. "मी इथे बसून बघणार."

मानेचा सांधा युसुफने पावसात जोडला होता. सकाळभर वीज नव्हती, वेल्डिंगचे रॉड सुकवायची भट्टी गार पडली होती. वीज येताच मालक हिंदुरावांनी घाई केली आणि त्याने दमट रॉडच वापरले. अशा सांध्याला आतून तडा जातो, कधी काही दिवसांनीही.

बाई गेल्यावर त्याने हिंदुरावांना सगळं सांगितलं.

"चाचणीत टाकी टिकली ना?"

"टिकली, साहेब. पण मान कापून परत जोडू."

"जहाज थांबणार आहे का? तू तुझं काम बघ."

चौथ्या दिवशी टाकी घेऊन ट्रक निघाला.

डिसेंबरात फिटर किसन भंगारातली एक पट्टी करवतीवर कापत होता. त्या पावसाळी दुपारी युसुफने मान जोडण्याआधी त्याच रॉडने तिच्यावर सांधा घालून हात बसवून घेतला होता. किसनने त्याला हाक मारली. कापलेल्या तोंडावर तड्याची केसासारखी काळी रेघ होती, सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"युसुफभाई, हे टाकीचेच रॉड?"

युसुफने होकारार्थी मान हलवली. ती पट्टी त्याने हिंदुरावांपुढे ठेवली. त्यांनी त्याच दिवशी जहाजाला तार केली : काचेपासून दूर राहा, दाब सोडा.

आठव्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. 'मासा मिळाला. जिवंत आहे. दाब सोडला तर मरेल. बाकीच्यांना लांब ठेवलं आहे. मी बसते.'

युसुफ रोज सुट्टी झाली की ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहायचा. हिंदुराव 'तार नाही' म्हणायचे. जानेवारीत एक दिवस त्यांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. तार कप्तानाची होती. टाकीची मान फुटली होती. बाई जागच्या जागी गेल्या होत्या.

पुढे चौकशीचं पत्र आलं. 'चाचणी व्यवस्थित झाली होती,' एवढंच हिंदुरावांनी कळवलं. युसुफने मात्र किसनकडून वेगळं पत्र लिहून घेतलं. त्यात पावसाची तारीख, गार भट्टी, हिंदुरावांशी झालेलं बोलणं आणि स्वतःचं नाव होतं.

"नोकरी जाईल," किसन म्हणाला.

"जाऊ दे. खाली सही कुठं करू?"