वरचा डावा कोपरा

मित्रांनो, मी जुना आहे आणि मी पंप आहे. यातली पहिली गोष्ट माझ्या हातात नव्हती आणि दुसरीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. आकाराने मी जेवणाच्या डब्याएवढा. दोन वायरी, दोन तोंडं आणि पोटात रबराचा एक पडदा. एका तोंडाने पाणी ओढायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं, एवढंच मला येतं. विहिरी उपसणारे माझे मोठे भाऊबंद मला बघून हसतील. पण मी विहिरीसाठी नव्हतोच. खिडक्यांच्या काचा धुणाऱ्या एका गाडीत मी होतो.

माझी गोष्ट सांगतो असं म्हणतोय खरा, पण ही एका माणसाच्या दोन डोळ्यांची गोष्ट आहे. मी त्यात नुसता मध्ये आलो. दीड वर्ष सगळा दोष मात्र माझ्या नावावर होता.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. साच्यातून निघालो तेव्हाच माझ्या पाठीवर एक बाण उठलेला होता. पाणी कुठून कुठे जाणार, त्याची ती खूण. मला पाण्यात चालवून पाहिलं, पुसलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं तेव्हा समोर ताई आणि लंबू होते.

दोघं सख्खी भावंडं. ताई सहा वर्षांनी मोठी आणि गाडी तीच चालवायची. लंबू उंच, म्हणून लंबू. घरात पडलेलं नाव पुढे गिऱ्हाइकांनीही उचललं. मी येण्याआधी बारा वर्षं तो शिडीवर चढून काचा पुसायचा, आणि ताई खालच्या पायरीवर पाय रोवून, मान वर करून उभी राहायची. एकदा ओल्या फरशीवरून शिडी सरकली. लंबू खिडकीच्या कठड्याला लोंबकळत राहिला आणि ताईने ती शिडी परत कशी उभी केली ते तिलाही पुढे सांगता आलं नाही. तो खाली उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुरे झालं. आता तुला जमिनीवर ठेवणारं काहीतरी आणते."

ते काहीतरी म्हणजे मी.

मला गाडीत बसवायला त्यांना सुट्टीचे दोन दिवस लागले. आधी पाण्याची टाकी आली. भरलेल्या टाकीचं वजन चार धडधाकट माणसांएवढं. ब्रेक मारला की ती पुढे येऊन चालवणारीच्या पाठीवर बसणार. म्हणून ताईने ती गाडीच्या तळाला बोल्टने आवळली, वरून पट्टे घातले आणि स्वतः तिच्यावर बसून गदागदा हलवून पाहिली. टाकीशेजारी एक फळी ठोकली. फळीवर रबराच्या चार पायांवर मी, म्हणजे माझी थरथर गाडीला लागू नये. माझ्या आधी कचरा अडवणारी जाळी. माझ्या पुढे एक उंच नळकांडं. त्यातले बारीक दाणे पाण्यातला क्षार धरून ठेवायचे. मग चाकावर गुंडाळलेली लांबच लांब नळी, तिच्या टोकाला दुर्बिणीसारखी लांब होणारी काठी आणि काठीच्या टोकाला ब्रश. मला बॅटरी वेगळी दिली होती. नाहीतर काचा धुऊन व्हायच्या आणि गाडी सुरूच व्हायची नाही. माझा जोर कमीजास्त करायला आकड्यांचं एक बटणही होतं.

लंबूने पहिल्यांदा बटण दाबलं. मी जीव तोडून घरघरलो. ब्रशातून थेंबही आला नाही, टाकीत मात्र बुडबुडे आले.

"पंपच खराब निघाला," लंबू म्हणाला.

"पाठीवरचा बाण कुठे बघतोय ते बघ," ताई म्हणाली.

"बाण बरोबर आहे."

"कुणाच्या मते?"

नळ्या उलट्या लागल्या होत्या. लंबूने गुपचूप त्या बदलल्या आणि मी चालू लागलो. मित्रांनो, माझ्यावर आलेला हा पहिला दोष. ताईने तो जागच्या जागी खोडून काढला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे तसं झालं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं माझी चांगली गेली. क्षार काढलेलं पाणी काचेवर सुकलं तरी डाग पडत नाही, म्हणून फडकं मारायचं कामच नव्हतं. लंबू खाली उभा राहून तिसऱ्या मजल्याच्या काचा धुवायचा. ताई नळी सोडायची, ओढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना "जरा जपून" म्हणायची. आम्ही दातांच्या दवाखान्याच्या काचा धुतल्या, वाचनालयाच्या धुतल्या, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासाच्या धुतल्या. तिथे खिडकीपाशी पलंगाला खिळलेले एक आजोबा होते. पहिल्या धुण्यानंतर त्यांनी खिडकीतून विचारलं, "समोरच्या घरांना आजच रंग दिला का हो?" लंबू दिवसभर ते वाक्य सगळ्यांना सांगत सुटला होता. संध्याकाळी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. पंपाला कुणी थाप मारत नाही. माझ्या लक्षात राहिली.

चौथ्या वर्षी वाचनालयाच्या बाईंनी गाडीपाशी येऊन सांगितलं, "सगळं छान झालंय, पण वरचा डावा कोपरा तसाच आहे. सगळ्याच खिडक्यांचा."

लंबूने मान मागे टाकून पाहिलं. "पाणी पोचलं नसेल तिथे. पंपाचा जोर कमी झालाय."

माझा जोर कमी झाला नव्हता. पण मी काय करणार? त्याने माझा आकडा चाळीसवरून साठवर नेला. कोपरे राहिलेच, शिवाय खाली उभ्या असलेल्या एका गृहस्थांची आंघोळ झाली. त्याने ब्रश बदलला. तो स्वतःच्याच नळीत पाय अडकून दोनदा पडला, तर म्हणाला, नळीचा रंग फरशीसारखा आहे. पिवळी नळी आली. तिच्यातही तो अडकला.

"आता फरशी बदलून घे," ताई म्हणाली. "आणि डोळे दाखवून ये एकदा. चाळिशी लागली असेल."

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" लंबूने माझ्यावर लिहिलेली मुंगीएवढी अक्षरं खडाखडा वाचून दाखवली. "हे बघ. तुला तरी वाचता येतंय का?"

ताईला ते चष्मा लावूनही वाचता येत नव्हतं. समोरचं दिसतं म्हणजे सगळं दिसतं, असं तिलाही वाटलं. मलाही वाटलं असतं.

मग एका दुपारी लंबूने मला उचकटून घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वर्तमानपत्रावर उघडलं. पोटातला पडदा बदलला, झडपा बदलल्या. सगळं परत आवळताना तो म्हणाला, "एवढ्यानेही नाही झालं, तर शिडी काढतो. वर चढून हाताने पुसलेलं कधी कुणाला खटकलं नव्हतं."

ताई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्याचं काम संपलं तेव्हा ती म्हणाली, "तू बस जा गाडीत, चहा घे. आवराआवर मी करते." लंबू पुढे जाऊन बसला. ताईने काठी उचलली आणि राहिलेले सगळे डावे कोपरे स्वतः धुतले.

माझी घरघर ऐकून लंबूने पुढून आवाज दिला, "पंप अजून चालूच का गं?"

"ब्रश धुतेय," ताई म्हणाली.

त्या महिन्यात एकही तक्रार आली नाही. लंबूने सगळ्यांना सांगितलं, "पंपातच खोट होती. पडदा बदलला आणि काम फत्ते." शिडी भिंतीला टेकून धूळ खात राहिली. ताईला हवं होतं ते झालं.

मित्रांनो, त्यानंतर दीड वर्ष मी प्रत्येक इमारतीला दोनदा चाललो. एकदा लंबूसाठी, एकदा ताईसाठी. सुरुवातीला ती कोपरे धुवायची. मग कडा. मग खिडकीची अख्खी डावी पट्टी. तिचं धुणं लांबत गेलं आणि लंबूचा चहा थंड होत गेला. "ब्रशात एवढं काय अडकतं?" तो विचारायचा. ती म्हणायची, "तुझं लक्ष." तो हसायचा. ती काठीआड तोंड फिरवायची. मला सगळं माहीत होतं. पण मला ढकलता येतं, बोलता येत नाही.

मग ताईला ताप आला. चार दिवस ती अंथरुणावर होती आणि लंबू भाड्याचा चालक घेऊन कामाला गेला. चार दिवस "ब्रश" कुणी धुतला नाही. पाचव्या दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागले. वाचनालय, दवाखाना, निवास. निवासातल्या आजोबांनी तर फोनवर एवढंच विचारलं म्हणे, "तुमचा माणूस बरा आहे ना?"

लंबूने मला पुन्हा त्याच टेबलावर आणून ठेवलं. हातात पाना घेतला. "परत बिघडला बघ हा. आता याला टाकूनच देतो."

ताई पांघरूण गुंडाळून दारात उभी होती. "त्याला खोलू नकोस," ती म्हणाली. "पंप कधीच बिघडला नव्हता."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. ती सांगत असताना लंबूच्या हातातला पाना टेबलावर ठेवला गेला. टेबलावर म्हणजे टेबलाच्या डाव्या कडेच्या बाहेर. तो खाली पडला. दोघांनीही तो उचलला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यातून ते परत आले तेव्हा मी गाडीत माझ्या फळीवर होतो. ताईने गाडी सुरू केली नाही. शेवटी ताईच म्हणाली, "थेंब रोज घालायचे. दोन वेळा. मी घालीन."

"ऐकलं मी. उरलंय ते सांभाळायला थेंब. गेलं ते येत नाही, असं म्हणाले डॉक्टर." मग लंबूने विचारलं, "काचबिंदू दुखत का नाही गं? दुखलं असतं तर मी तरी गेलो असतो."

ताईने थेंबांची बाटली पर्समध्ये ठेवली.

"आणि दीड वर्ष आधी आला असतात तर, असं म्हणता म्हणता ते थांबले, ते तुझ्याकडे बघून ना?"

"हो."

"किती वेळा धुतलास ब्रश, ताई?"

तो चिडला नव्हता. त्याला खरंच आकडा हवा होता. ताईने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मित्रांनो, त्या दिवशी मी चालू असतो तर बरं झालं असतं. निदान काहीतरी आवाज झाला असता.

थेंब उशिरा आले होते. जेवढं सांभाळायचं तेवढंही त्यांनी सांभाळलं नाही. वर्षभर लंबू अजून काम करत होता, ताई शेजारी उभी राहून "डावीकडे, अजून" सांगायची आणि मी चालायचो. मग उजवी बाजूही गेली. मग गाडी विकली. टाकी, चाक, पिवळी नळी, सगळं गाडीबरोबर गेलं. नव्या माणसाला मोठा पंप हवा होता, म्हणून मी उरलो. मागच्या गॅलरीत, जुन्या काठीशेजारी, एका बादलीत.

पडदा सुकला की पंप चिकटतो. दोन वर्षं मी तसाच पडून होतो. कुणी मला कोमट पाण्यात घालून ठेवलं नाही, कुणी महिन्यातून एकदा चालवलं नाही. तक्रार करत नाही. त्या घरात माझ्याहून महत्त्वाचं बरंच काही सुकत होतं.

गेल्या आठवड्यात लंबू चाचपडत गॅलरीत आला. त्याचा हात मला लागला. त्याने मला बाहेर काढलं, कोमट पाण्यात बुडवलं आणि जुनी बॅटरी, घरातली बादली आणि बागेची नळी मागवली. ताई पुढे झाली. "दे, मी लावते."

"थांब."

त्याने अंगठा माझ्या पाठीवरून फिरवला, बाण सापडेपर्यंत. नळ्या पहिल्याच फटक्यात बरोबर लागल्या. बटण दाबल्यावर मी एकदा अडकलो, मग चाललो. त्याने तळहात माझ्यावर ठेवला. "जोर आहे की," तो म्हणाला. "उगाच बोललो याला."

मग त्याने काठी उचलली आणि अंदाजाने गॅलरीची खिडकी धुतली. त्या घराच्या काचा कितीतरी दिवसांत कुणी धुतल्या नव्हत्या. ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"झालं का गं?"

ताईने तोंड उघडलं. तिच्या ओठांवर "झालं" आलेलं मी पाहिलं. तिने ते गिळलं.

"वरचा डावा कोपरा राहिलाय," ती म्हणाली.

लंबूने काठी सरकवली. "आता?"

"नाही. अजून."

"आता?"

"अजून नाही रे."

तो शोधत राहिला. बादलीतलं पाणी संपलं, मी कोरडी हवा ओढायला लागलो, तेव्हा ताईने वाकून माझं बटण बंद केलं. काठी तिने हातात घेतली नाही. कोपरा तसाच राहिला. आजही आहे.

मित्रांनो, पंप कोरडा चालवू नका आणि काम झालं की त्यातलं पाणी काढून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला एवढंच सांगायचं आहे: आपल्या माणसाचं काही राहत असेल, तर ते त्याच्यामागे गुपचूप पुरं करू नका. त्याला सांगा. तो रागावेल, शिडी काढीन म्हणेल, तरी सांगा, आणि दुसऱ्यांदा राहिलं की दुसऱ्यांदा सांगा. मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.