पोरींच्या नावावर

कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हा रोशनीने सगळ्यांना एकच कारण सांगितलं. शेजारच्या वत्सलाबाईंना दारात सांगितलं, पेठ तालुक्यातल्या गावी आईला फोनवर सांगितलं, आणि नवरा किशोर रात्रपाळीहून आल्यावर चहा देता देता त्यालाही. हर्षाली आठवीत गेली, पायल लहान आहे, पोरींकडे बघायला घरात कुणीतरी हवं. हे बोलणं आता तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की तिचं तिलाच खरं वाटायचं. किशोर ‘बरं’ म्हणाला आणि झोपायला गेला.

हर्षाली आतल्या खोलीत वही उघडून बसली होती. मधली भिंत नावालाच. तिने तिन्ही वेळा ऐकलं.

दोघी पोरी रोशनीच्या थोरल्या भावाच्या, सोमाच्या. पावसाळी शेती उरकली की सोमा आणि त्याची बायको दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. पोरीही बरोबर. बागेच्या कडेला झोपडी आणि शाळेचा पत्ता नाही. एका दिवाळीला रोशनी माहेरी गेली तेव्हा हर्षालीला पाचवीचं पुस्तक धड वाचता येईना. रोशनी त्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, नाशिकला नर्सिंग करून सहा वर्षं आयसीयूत काढलेली. तिला ते बघवेना. तिथल्या तिथे ती म्हणाली, पोरी माझ्याकडे राहू दे. तिला स्वतःला मूल नव्हतं. सगळ्यांच्या मनात ते आलं असणार.

सातपूरच्या दोन खोल्यांत चार माणसं झाली. किशोरची पाळी दर आठवड्याला बदलायची, रोशनीची त्याहून वरचेवर. दोघांची रात्रपाळी एकाच वेळी आली की वत्सलाबाई पोरींजवळ येऊन झोपायच्या. पायल मात्र दाराशी अंथरूण ओढून बसायची आणि आईला हाका मारत राहायची. अशा तीन-चार खेपा झाल्यावर रोशनीने आयसीयू सोडलं. ते खरोखर पोरींसाठी सोडलं. त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. पण गावात तिचं फार कौतुक झालं. आई म्हणाली, अशी आत्या कुणाला मिळत नाही. ते कौतुक तिला बरं वाटलं.

मग डायलिसिस सेंटर. दिवसाची पाळी, रविवारी सुट्टी, पोरींच्या शाळेला सोयीचं. तेच ते पेशंट यायचे, तीच ती मशीन, चार-चार तास रक्त फिरताना बघत बसायचं. काम वाईट नव्हतं, पण तिच्या पायांना एका जागी उभं राहवत नव्हतं. वर्ष भरायच्या आत तिने राजीनामा दिला. पायल सारखी आजारी असते, असं सांगितलं. पायलला त्या वर्षात एकदा ताप आला होता.

त्यानंतर हा कारखाना. फर्स्ट एडची खोली, एक खाट, एक कपाट आणि भिंतीवर घड्याळ. कुणाचं बोट कापलं तर ड्रेसिंग करायचं, कुणाचं डोकं दुखलं तर गोळी द्यायची. बाकी वेळ खुर्चीत. ती कपाटातल्या बाटल्या लावायची, परत काढायची, परत लावायची. एके दुपारी मशीनशॉपमधून आरडाओरडा आला आणि ती पेटी उचलून धावली. तिथे पोरं कुणाचा तरी वाढदिवस साजरा करत होती. परत येताना तिला कळलं की आपला हिरमोड झाला आहे. कुणाला तरी लागलेलं असावं अशी आपली इच्छा होती. ती भ्यायली. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली.

आता गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलला आयसीयूत सिस्टर हव्या होत्या. तिने अर्ज केला होता. घरात मात्र त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. पोरींसाठी नोकरी सोडली म्हणून सांगितलं आणि पुन्हा रात्रपाळीच्या नोकरीकडे निघाले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

रविवारी सकाळी सोमा दारात उभा राहिला. न कळवता. बागेत छाटणीनंतर वेलींच्या डोळ्यांना फूट यावी म्हणून औषध लावायचं काम चालू होतं, त्याचा लालसर रंग त्याच्या नखांत तसाच होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, पोरींना गावी आईपाशी न्यायला आलोय. हर्षालीनेच फोन करून बोलावलं होतं.

रोशनीने हर्षालीकडे बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“दादा, हे काय? मी काही कमी केलं का पोरींना?”

“तू कशाला कमी करशील? उलट लय केलंस,” सोमा म्हणाला. “पण तीन नोकऱ्या सोडल्यास त्यांच्यापायी. मला बागेत काम करताना तेच डोक्यात येतं. असं किती दिवस चालायचं?”

मग हर्षाली बोलली, घडी न सोडता. “आत्या, आम्ही गेलो की तुला नोकरी सोडायला कारण राहणार नाही.”

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. पोरगी खरंच आत्याची सोय बघत होती, आणि तेच रोशनीला जास्त लागलं. किशोर मोबाइल बघत बसला होता. त्याने तो पालथा ठेवला. रोशनीच्या लक्षात आलं, आपलं कारण खरं नाही हे याला आधीपासून ठाऊक आहे.

“एक नोकरी तुमच्यासाठी सोडली,” ती म्हणाली. “बाकीच्या दोन माझ्या मीच सोडल्या. मला तिथे राहवत नव्हतं. तुमचं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही, म्हणून घेत गेले.”

सोमाला हे नीट कळलं नसावं. तो म्हणाला, मग आता काय करायचं? आणि रोशनीने अर्जाचंही सांगून टाकलं.

हर्षालीने हातातला ड्रेस कपाटात परत ठेवला. “मी राहते,” ती म्हणाली. “पण परत नोकरी सोडलीस तर आमचं नाव सांगू नको.”

पायलला कुणी विचारलंच नव्हतं. ती केव्हाच चपला घालून बापाच्या मांडीशी उभी होती. रोशनीने तिला जवळ ओढलं, इथे कोण कोण आहे ते सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींची आठवण करून दिली. पायल ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, “मला आजीकडे जायचंय.” गावच्या शाळेत जाईन, आजीपाशी झोपेन, हे तिने मनाशी कधीच ठरवलेलं होतं. तीन वर्षांत ती या घरात रुळली असं रोशनी समजत होती.

दुपारच्या गाडीने दोघं गेली. पायलने खिडकीतून हात केला, मग बापाशी बोलायला लागली.

मंगळवारी मुलाखत झाली. मेट्रन वयस्कर होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, तीन वर्षांत तीन नोकऱ्या कशा? घरच्या अडचणी का? ‘हो’ म्हणणं अगदी जिभेवर होतं. रोशनी म्हणाली, पहिली भाच्यांसाठी सोडली, पुढच्या दोन्ही ठिकाणी माझं मन रमलं नाही. इथे रमेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की याआधी रमलं होतं ते याच कामात, त्यापलीकडे तिला खात्री देता येणार नाही. मेट्रनना उत्तर फारसं आवडलेलं दिसलं नाही. पण माणसं कमी होती. तीन महिने बघू, म्हणाल्या.

आता रोशनी आयसीयूत आहे. किशोर सुपरवायझरच्या मागे लागून पाळ्या बदलून घेतो, कधी मिळतात, कधी नाही. हर्षाली स्वतःचा डबा स्वतः भरते. कामात रोशनीचे हात पुन्हा पहिल्यासारखे चालतात, पण जरा उसंत मिळाली की ती गावी फोन लावते. डोंगरात रेंज नसते. लागला तर आई सांगते, पायल खेळायला गेली आहे, जेवली, छान झोपते.

ते ऐकून तिला बरं वाटायला हवं. ती फोन ठेवते आणि गरज नसताना पेशंटच्या सलाइनचे थेंब बघत या खाटेपासून त्या खाटेपर्यंत फिरत राहते.