शनवारचा वळीव

अंथुर्ण्याच्या रावजीआबांना आभाळ कळायचं. चिमण्या धुळीत अंघोळ करायला लागल्या, मुंग्या अंडी घेऊन बांधावर चढल्या, की आबा म्हणायचे, "आवरून ठेवा रं, येणार हाय." कधी, ते मात्र सांगायचे नाहीत. कुणी फारच खोदून विचारलं तर खेकसायचे, "आभाळ काय माझ्या दावणीला बांधलंय व्हय? वार सांगायचा न्हाय." बापानं घालून दिलेला नेम होता तो, चाळीस वर्षं पाळलेला.

त्या चैत्रात उन्हानं नुसता कहर केला होता, आणि आबांची बायको धोंडाबाई नुकतीच तापातून उठली होती. उठली कसली! ताप गेला आणि बाई तेवढी खाटेवर उरली. अन्नावरची वासनाच उडाली. इंदापूरचे वैद्य म्हणाले, "पोटात अन्न गेलं तरच वाचतील." आबांनी पेज केली, ताकात भाकरी कुस्करली, हातापाया पडले. ती आपली भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "ह्या उन्हात न्हाय वो घास उतरत. गारवा पडू द्या, मग खाईन."

गुरुवारी सकाळी तिनं पाणीसुद्धा नको म्हटलं, तसा आबांचा धीर सुटला. आभाळ कोरडं ठणठणीत. चिमण्या वळचणीला गप. तरी ते खाटेशी बसले नि म्हणाले, "अगं, शनवारी-ऐतवारी वळीव येतोय. जोराचा. फुडं आठ दिस गारवाच गारवा."

धोंडाबाईनं मान वळवून नवऱ्याच्या तोंडाकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "आणा ती वाटी."

दोन घास खाल्ले बाईनं! आबा मागच्या दारी जाऊन पोरासारखे रडले.

पण दोन घरांत भिंत एकच, आणि पलीकडं छबूबाई. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. दुपारपर्यंत गावभर झालं, आबांनी वार सांगितला! बारामतीच्या बाजारासाठी उपटलेला कांदा लोकांनी छपरात ओढला. छबूबाईनं अर्ध्या ओल्या कुरडया गोळा केल्या. लासुर्ण्याकडं नवा साखर कारखाना निघाला तरी सर्जेरावाचं गुऱ्हाळ जोरात चालायचं. त्यानं तेही थांबवलं आणि जळणाची वाळली चिपाडं भिजू नयेत म्हणून खोपीत भरली.

आबा पेचात पडले. चावडीवर जाऊन खरं सांगावं, तर छबूबाई ते लगोलग धोंडाबाईच्या कानावर घालणार. शुक्रवारी धोंडाबाईनं अर्धी भाकरी खाल्ली. आबा चावडीवर गेलेच नाहीत. जाऊ दे म्हणाले, अब्रू गेली तर गेली.

शनिवार कडकडीत गेला. ऐतवारीही ढगाची चिंधी दिसेना. दिवस कलला तसा सर्जेराव अंगणात येऊन उभा राहिला, मागं छबूबाई.

"आबा, कुठाय वळीव? तीन दिस गुऱ्हाळ बंद हाय माझं!"

"माझ्या कुरडया आंबल्या," छबूबाई म्हणाली.

आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. "सर्जेराव, चुकी माझी..."

"त्यांची चुकी न्हाय."

दारात धोंडाबाई उभी होती. चौकटीला धरून, पण उभी! "मला जेवाय घालायला खोटं बोलले त्ये. गावाला कुठं सांगितलं व्हतं? ह्या छबीनं भिंतीला कान लावला."

छबूबाईनं जीभ चावली. सर्जेरावाचा राग कुठल्या कुठं गेला. त्यानं बाज ओढून सावलीत टाकली. "काकी, बसा आधी. गुऱ्हाळाचं काय, उद्या लावतो. ताजी काकवी धाडतो तुमाला."

दोघं गेल्यावर आबांनी हळूच विचारलं, "तुला कवा कळलं?"

"तवाच. चाळीस वर्सांत कदी वार सांगितला व्हता का तुमी?"

"मग खाल्लंस कशापायी?"

"माझ्यापायी तुमी नेम मोडला," ती म्हणाली, "आन् म्या दोन घास खाऊ नयेत व्हय?"

आबा बाजेच्या कडेला टेकले. ते नुसते तिच्याकडं बघत राहिले.

"आता तोंड काय बघत बसलाय? भाकरी आणा. भूक लागलीया मला."